चढावर सरकार, उतारावर आई

पेणपासून रोह्यापर्यंतचा रस्ता सरकारने बांधला असेल, पण त्या रस्त्यावरचे सगळे उतार माझ्या मामांच्या मालकीचे होते. हे माझं म्हणणं नाही, मामांचं. ‘चढ सरकारचा, उतार आपला,’ असं ते भर बाजारात सांगत. पेणला त्यांचं पोह्याच्या पापडांचं दुकान होतं, अंगात कायम धुवट पांढरा सदरा आणि दाराशी एक जुनी पोपटी स्कूटर. उतार लागला रे लागला की मामा त्या स्कूटरचं इंजिन बंद करत आणि तिला तशीच सोडून देत. ‘पेट्रोलवर कर हाय, टायरवर हाय, उद्या हवेवर बसवतील. उतारावर बसवून दाखवा म्हणावं!’ पंचाईत एवढीच होती की त्या स्कूटरला बॅटरी नव्हती, त्यामुळे इंजिन बंद झालं की हॉर्नही मुका होई. एकदा नागोठण्याच्या पुढे एका म्हशीला मामा आलेले ऐकूच आले नाहीत. मामा पडले, उठले, आणि म्हशीच्या मालकाशी नव्हे, थेट म्हशीशी भांडून घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवघरातली घंटा काढून स्कूटरच्या हँडलला बांधली. ‘अवो, मग मी देवापुढं काय वाजवू?’ मामीने विचारलं. ‘टाळ्या वाजव. देव घरात हाय, म्हैस रस्त्यात हाय,’ मामा म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

या सगळ्याचं मूळ एसटीच्या एका लाल गाडीत होतं. माझी आई रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात दिलेली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने हट्ट धरला की घरात गणपती बसेल तो पेणचाच, आणि तो दादानेच आणायचा. तेव्हापासून दर वर्षी मामा जोह्याच्या कारखान्यात जाऊन मूर्ती निवडत, तिच्या तोंडावर रुमाल टाकत आणि दुपारच्या पेण-रोहा गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर गणपती मांडीवर घेऊन बसत. आई आरतीचं ताट घेऊन दारात उभी असे आणि मामा दिसताच विचारी, ‘दादा, गाडी मिळाली का रे?’ मामा म्हणत, ‘मिळाली गो,’ आणि गणपती उंबऱ्याच्या आत येई. मग डिझेल महागलं आणि ती दुपारची गाडी बंद झाली. मामा तडक डेपोत गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, त्या गाडीला प्रवासी नाहीत. ‘मी हाय ना,’ मामा म्हणाले. ‘अहो, तुम्ही वर्षातून एकदा जाणार.’ ‘गणपती पण वर्षातून एकदाच येतो. त्याला पण बंद करा मग!’ साहेब मनापासून हसले, त्यांनी मामांना चहा पाजला, पण गाडी काही सुटली नाही. सकाळची गाडी होती, रेल्वे होती, पण मामांना हवी होती ती तीच दुपारची. आम्ही सगळे त्याला हट्ट म्हणून मोकळे झालो.

गाडी बंद झाली म्हणून मामांनी स्कूटर घेतली, आणि स्कूटर घेतल्याबरोबर पेट्रोल वाढायला लागलं. हे आपल्यावर पाळत ठेवून चाललंय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पेट्रोल वाढलं की त्या दिवशी ते रेडिओ भिंतीकडे तोंड करून ठेवत, बातम्या देणाऱ्याला तेवढीच शिक्षा. उद्यापासून दर वाढणार अशी कुणकुण लागली की सगळं गाव पंपावर लोटे. मामा दर वाढल्यावर दुसऱ्या दिवशी जात, कारण तेव्हा पंप रिकामा असतो आणि मनासारखं बोलता येतं. ‘आज सरकारची तब्येत कशी हाय?’ असं ते पंपावरच्या माणसाला विचारत. तो बिचारा हातात नळी धरून सगळं ऐकून घेई. आणि गणपती आणल्यावर आईने दारात सवयीने ‘दादा, गाडी मिळाली का रे?’ विचारलं की संपलंच. डेपो, डिझेल, खड्डे, मंत्री, सगळ्यांचा यथासांग उद्धार होई आणि तो संपेपर्यंत आईच्या ताटातलं निरांजन विझून जाई. रुमालाखाली गणपतीला काय वाटत असेल, याचा मी लहानपणी फार विचार करत असे.

पुढे पुढे मामांना सगळं जगच चढ आणि उतार असं दिसायला लागलं. माझ्या मामेबहिणीला एक उत्तम स्थळ आलं होतं. घर बघून आल्यावर मामांनी नकार दिला. मुलगा कसा, माणसं कशी, काही नाही. ‘जाताना सगळा उतार हाय. म्हणजे पोरीला माहेरी येताना सगळा चढ!’ मामीने कपाळाला हात लावला. आम्ही तर हसून हसून लोळलो. तेव्हा मला वाटलं होतं, पेट्रोलने मामांचं डोकं फिरलं.

पेणला कॉलेजला होते त्या वर्षी मामा मला म्हणाले, ‘चल गो बाय, गणपती धरायला बस.’ मी मांडीवर गणपती घेऊन मागे बसले. डोलवीला कारखान्याची शिफ्ट सुटलेली, ट्रकच ट्रक, आणि रस्त्याला असे खड्डे की सरळ जाणाऱ्या माणसाचा संशय यावा. मामा सगळ्या आवाजांच्या वर ओरडून सरकारशी बोलत होते. भिसे खिंडीचा चढ लागला तेव्हा स्कूटर कण्हायला लागली. ‘ऐकतेस ना? हा आवाज स्कूटरचा नाय, माझ्या खिशाचा हाय!’ ते ओरडले. मग माथा आला. मामांनी इंजिन बंद केलं, आणि सगळं एकदम निवांत झालं. तसा निवांतपणा मला पुन्हा फार थोड्या वेळा मिळाला. दोन्ही बाजूंना तेरडा फुललेला, खाली पोटरीला आलेलं भात, कुठूनतरी पाण्याचा आवाज, आणि रस्ताच आम्हाला अलगद खाली घेऊन जात होता. घंटा आपोआप, अगदी हळू वाजत होती. आणि मामांचा आवाज बदलला. ‘तुझी आई लहानपणी पावसात भिजायची, न् ताप यायचा मला,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘कैऱ्या चोरायची ती, मार खायचो मी. पण बरं वाटायचं.’ सपाटी लागली, इंजिन सुरू झालं, आणि सरकार परत आलं. चढावर सरकार आणि उतारावर आई, असा तो प्रवास होता. तो उतार संपू नये असं मला फार वाटलं.

वर्षं गेली. मामांचे गुडघे गेले, मग नजर अधू झाली, आणि डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला लावली. त्या वर्षी मामी म्हणाली, गणपती टेम्पोने पाठवून देऊ. हरतालिकेच्या दिवशी दुपारी मामीचा मला फोन आला, मामा गणपती घेऊन कुठेतरी गेलेत. मी नोकरीनिमित्त पेणलाच राहत होते. मला स्टँडवर जायचं लगेच सुचलं. मामा बाकावर बसले होते, मांडीवर रुमाल टाकलेला गणपती, शेजारी पिशवी, आणि पिशवीत घंटा. जी गाडी कधीच येणार नव्हती तिची वाट बघत होते. मला रडूच आलं. ‘बसमध्ये घंटा कशाला हो मामा?’ मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. ‘गणपती हाय, घंटा नको?’ ते म्हणाले.

मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवलं. माझी स्कूटर विजेवर चालणारी. रस्ताभर मामा मांडीवरच्या गणपतीला सांभाळत बसले होते. भिसे खिंडीचा चढ सुरू झाला तसे दचकले. ‘बंद का केलीस गो? चढ हाय!’

‘बंद नाही मामा, चालू आहे.’

‘आवाज?’

‘हिला आवाजच नाही.’

मामा म्हणाले, ‘मग शिव्या कशा द्यायच्या?’ मी हसले. ते हसले नाहीत. तो सगळा चढ आम्ही उतारासारखा शांतपणे चढत होतो, दोन्ही बाजूंना तेरडा होता, आणि मामा उतारावरच्या आवाजात बोलायला लागले. ‘तुझ्या आईला लग्न करून नेलनी ती त्याच दुपारच्या गाडीनं. गाडी सुटली न् सगळी घरी गेली. मी स्टँडवरच बसून ऱ्हायलो. म्हटलं, गाडी संध्याकाळी परत येते, तिला पण घेऊन येईल. मोठा भाऊ मी, मिसरूड फुटलेला, पण अक्कल बघ! आली गाडी. सगळी उतरली, ही नाय. कंडक्टर म्हणाला, रडू नको, उद्या परत जाते गाडी, तुला कधी वाटलं तर ये. तेवढंच धरून होतो बघ. गाडी हाय तोवर तिच्याकडं जायला रस्ता हाय.’ जरा थांबून म्हणाले, ‘तीच बंद केलनी गो.’

माथा आला, खिंड मागे गेली, आणि मामा गणपती एका हाताने सावरून दुसऱ्या हाताने हळूहळू घंटा वाजवू लागले. मामांची ती शेवटची खेप होती, हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

अष्टमीला पोहोचलो तेव्हा आई घंटेच्या आवाजानेच दारात आली होती. हातात आरतीचं ताट, केस पांढरे, आणि तोंडात तोच प्रश्न. ‘दादा, गाडी मिळाली का रे?’

मी सवयीने मनाची तयारी केली. मामांनी तिच्याकडे पाहिलं. नीट दिसत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं.

‘मिळाली गो,’ ते म्हणाले. ‘मिळाली.’

आणि ते गणपती घेऊन आत गेले तेव्हा आईच्या ताटातलं निरांजन अजून तेवत होतं.