वहीत चिकटवलेल्या सहा जणी

भाचीने काल मुठीएवढा फोटो प्रिंटर आणला. तापलेल्या स्टिकर कागदाच्या वासाने मला देवपूरच्या घरातली ती दुपार आठवली. शिंदखेड्याहून मला बघायला पाहुणे आले होते. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या, तोच मुलाच्या बहिणीने न विचारता मोबाईलवर माझा फोटो घेतला. शाई नको, स्टुडिओ नको. मिनिटभरात तिच्या पर्समधल्या प्रिंटरमधून माझा कोमट फोटो बाहेर आला. तिने मागचा कागद सोलला आणि पोह्यांच्या तेलकट बोटांनी मला एका वहीत चिकटवलं. त्या पानावर पाच जणी आधीच होत्या, प्रत्येकीखाली रंग आणि उंची लिहिलेली. "इतल्या पोरी ध्यानमा ऱ्हातस का?" मुलाची आई म्हणाली. त्यावर माझे वडीलही हसले, त्याची मला जास्त किळस आली. मी वही ओढून फोटो उपटायला गेले, तर स्टिकर सुटेना. चेहरा अर्धा फाटला आणि डोळे वहीतच राहिले. मग मी अख्खं पानच फाडून खरकट्याच्या बादलीत टाकलं. आम्ही सहाही जणी सुटलो, असं इतकी वर्षं वाटत होतं. काल भाचीच्या हातून एक फोटो चुरगळला. "असू दे मावशी, मोबाईलमध्ये आहे ना," म्हणत तिने प्रिंटरमधून तस्साच दुसरा काढला.