दाराजवळची खुर्ची

चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडलेला माणूस गोडीगुलाबीला भुलेल कसा? बायकोच्या आग्रहाखातर कुलूपवाले काका वाचनालयातल्या सर्वधर्मीय बैठकीला गेले, पण बसले दाराजवळ. निरनिराळ्या धर्मांची माणसं इतकं सांभाळून बोलतात म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. बैठकीचा नियम एकच: आधी बोललेल्याचं म्हणणं आपण सांगायचं, तो ‘बरोबर’ म्हणाला की मग स्वतःचं. कोण कुणाला आपल्यात ओढतोय ते पकडायला काका वर्षभर कान टवकारून बसले.

एकदा बैठकीतल्या एका नर्सबाईंनंतर त्यांची पाळी आली. बाईंची प्रार्थना त्यांनी शब्दन् शब्द सांगितली.

“बरोबर. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “आता तुमचा विश्वास कशावर, ते सांगा.”

“चाळीस वर्षं दुसऱ्यांचीच कुलपं उघडली,” काका दाराकडे बघत म्हणाले.