बंद न केलेली डिस्क
कंपनीत मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते डिस्क वाचणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीचं, म्हणजे इतर प्रोग्रामना आयत्या वापरता येणाऱ्या कोडचं. सीडी असो, डीव्हीडी असो की ब्लू-रे, ती वापरणाऱ्या प्रोग्रामनं एकाच पद्धतीनं माहिती मागावी आणि आतला फरक लायब्ररीनं सांभाळावा, अशी रचना मी केली होती. तिचा मला फार अभिमान होता.

एक अडचण राहिली. हातातल्या कॅमेऱ्यानं थेट डिस्कवर चित्रण करून लोक शेवटी ती बंद, म्हणजे फायनलाइज, करायला विसरत. चित्रण आत असे, पण त्याची सूची लिहिलेली नसे. असल्या डिस्कसाठी वेगळा भाग लिहायला दोन आठवडे गेले असते. लायब्ररीनं अशा वेळी द्यायचं उत्तर मी ठरवून टाकलं: डिस्क रिकामी आहे.

तपासणी करणारी सहकारी म्हणाली, "रिकामी कशी? वाचता येत नाही, असं तरी म्हण."

"लोकांना काय फरक पडतो?" मी म्हणाले. तिनं मंजुरी देऊन टाकली.

गेल्या ईदला बजाजनगरात आमच्या खालच्या मजल्यावरच्या चाचांकडे शिरखुर्मा खायला गेले. चाचा शिवणकाम करतात. चाची जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून फोटो मागितला.

"फोटो हाय," चाचा म्हणाले. "पन बोलताना ती एकाच डिस्कमधी होती. लेकीच्या मेहंदीत भाच्यानं घेतलेलं. मागल्या महिन्यात चौकातल्या स्टुडिओत नेली, तर कंप्युटर म्हणला रिकामी हाय. दिली टाकून."

त्या स्टुडिओतला प्रोग्राम आमच्याच लायब्ररीवर चालायचा. मीच जाऊन बसवून दिला होता.

वाटी खाली ठेवून मी म्हणाले, "चाचा, ती रिकामी नसणार. बंद करायची राहिली असेल. असल्या डिस्कला रिकामी म्हणायचं, हे मीच ठरवलं होतं."

त्यांना समजायला वेळ लागला. "म्हंजे तिचा आवाज होता त्यात?"

"बहुतेक."

"भाच्यानं खराब केली असंल, असं धरून चाललो होतो मी. त्याला लई बोललो. हे मला कशाला सांगितलंस बेटी?"

मी उठून वर घरी आले.

दुसऱ्या आठवड्यात मी तो भाग लिहायला घेतला. नऊ दिवसांत झाला. आता असल्या डिस्कमधलंही बरंचसं चित्रण बाहेर काढता येतं. चाचांना हे सांगायला दोनदा जिना उतरले आणि दोन्ही वेळा दारावरूनच परत आले.