भाऊंच्या फळीवरच्या किल्ल्या

दोंडाईचा स्टेशनवर गाडी लागली आणि भाऊंनी माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, बॅग मागतायत. ते आमच्या घरच्या मारवाडीत म्हणाले, "चाबी अठेईज रेवण दे, बाई." किल्ली इथेच राहू दे. मी पर्समधून घराची किल्ली काढून दिली. नोकरीसाठी पुण्याला निघालेल्या मुलीला बाप डोळे पुसत निरोप देतो, असं ऐकलं होतं. माझा बाप किल्ली खिशात टाकून मिरचीच्या लिलावाला निघून गेला. भुसावळ येईपर्यंत मी रागातच होते.

पण तो गावाचा रिवाज होता. गाव सोडून तुम्ही जे सुरतेला, नाशिकला, कुठे कुठे गेलात, तुमचीही किल्ली भाऊंच्याच दुकानात आहे. मिरचीच्या पोत्यांमागे लाकडी फळी, तिच्यावर खिळे, खिळ्यांना किल्ल्या. नाव एकीवरही नाही. नाव लिहिलं की कुणाचं घर बंद आहे ते चोराला आयतंच कळेल, असं भाऊंचं म्हणणं. सगळं डोक्यात. ते दोनदा नगरसेवक झाले, एकदा उपनगराध्यक्ष, पण लोकांनी त्यांना खरी खुर्ची दिली ती त्या फळीखालची. नळाला पाणी आलं नाही तरी लोक पालिकेत न जाता तिथे येत, मिरचीचा ठसका लागेपर्यंत बसत, आणि भाऊ फोन लावत राहत.

माझ्या पुण्यातल्या फ्लॅटला किल्लीच नाही, आकडे दाबायचे. आई गेल्यावर भाऊ एकदाच आले. "बॅटरी संपली तर?" एवढं विचारलं आणि तिसऱ्या दिवशी परत गेले.

मग दिवाळीआधी अक्कांचा फोन आला. त्यांचं भांड्यांचं दुकान आमच्या दुकानासमोरच आहे. सुरतेहून लग्नाला आलेल्या एका बाईला भाऊंनी दुसरीच किल्ली दिली होती. ती कुलपाला लागेना, तशी बाई भर उन्हात सामान घेऊन ओट्यावर बसून राहिली. भाऊंना चुकलात असं कोण म्हणणार? शेवटी तिनं कुलूप फोडलं आणि किल्ली बरोबर होती असं भाऊंना सांगून ती परत करून आली. असं बऱ्याचदा झालं होतं. अक्का म्हणाल्या, "बठ्ठा गावले माहीत शे, पन तुले कोनी सांगं नही." सगळ्या गावाला माहीत होतं, मला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

कुलपं फुटत होती आणि गाव मायेनं गप्प होतं. त्या मायेचीच मला जास्त भीती वाटली. बीपीच्या गोळ्या, गॅस, हायवे ओलांडणं, यातलं काय काय असंच झाकलं जात असेल?

न कळवता गेले. दुपार होती, दुकानात भाऊ एकटे. मला पाहून उठले, हसले आणि फळीकडे वळत म्हणाले, "कोना घरनी किल्ली जोयजे, माय?" कुणाच्या घराची किल्ली हवी?

भाऊ अहिराणी बोलतात ती गिऱ्हाइकांशी. माझ्याशी त्या भाषेत जन्मात कधी बोलले नव्हते. मी दाराची चौकट धरली. रडले असते तर ते घाबरले असते, म्हणून मीही अहिराणीतच आमच्या गल्लीचं नाव सांगितलं, निळ्या दरवाजाचं घर म्हणून सांगितलं.

त्यांनी वर पाहिलंही नाही. हात थेट कोपऱ्यातल्या खिळ्याकडे गेला. किल्ली माझीच, वाकड्या दात्याची. ती माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले, "काम व्हयनं का आठेच टांगी देजो. त्या घरनी पोर पुनाले शे. ती कव्हय बी येई, तिले लागी." काम झालं की इथेच टांग, त्या घरची मुलगी पुण्याहून कधीही येईल, तिला लागेल.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ओळख परतली होती. "कद आई, बाई?" कधी आलीस, असं पुन्हा आमच्या मारवाडीत म्हणाले, जसं काही झालंच नव्हतं. सोबत पुण्याला चला, हे माझ्या ओठांवर होतं. पण म्हटलं नाही. मुलगी ओळखू न येणाऱ्या माणसाला तिची किल्ली ओळखू येत होती. त्या फळीपासून त्याला तोडून मी नेणार काय होते? भाऊंकडे लक्ष ठेवायला अक्कांना सांगितलं, गोळ्यांची डबी त्यांच्या हाती दिली, आणि निघताना किल्ली त्याच खिळ्याला टांगली.

आता रोज सकाळी फोन करते. पलीकडून "बाई" आलं, तर त्या दिवसापुरतं मला घर आहे. "कोन शे?" आलं, तर मी आमच्या गल्लीचं नाव सांगते आणि विचारते, निळ्या दरवाजाच्या घराची किल्ली जागेवर आहे ना. भाऊ उठतात, फळीपाशी जातात, परत येतात.

"शे," म्हणतात.