नावेच्या पोटातलं इंजन

"फळी काप म्हनतो ना! एक फळी! काऊन ऐकून नाही राह्यला बे?"

मिस्त्रीचाचा नावेत उभे राहून ओरडत होते. देऊळगाव राजाहून मुद्दाम बोलावलेले. सकाळपासून बोल्ट सोडून सोडून त्यांची पांढरी दाढी काळ्या तेलानं माखली होती आणि आवाज असा, की नदीपलीकडची बुजगावणी दचकावीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. नाव आमच्या अंगणात, चिंचेखाली. इंजन नावेच्या पोटात. बाजूची एक फळी कापायची, ओंडक्यांवरून इंजन बाहेर लोटायचं आणि फळी पुन्हा ठोकायची.

"कापायची नाही," मी म्हणालो.

कारण वहिनीनं तसं बजावलं होतं.

नाव माझ्या थोरल्या भावानं बांधलेली. मेहकरच्या खालच्या अंगाला, पैनगंगेच्या काठी आमचं घर. थोडा मळा, आणि पावसाळ्यात उतारू पलीकडे नेण्याचा धंदा. सगळे बांबूनं नाव रेटायचे, पण दादाला ते पटेना. बंद पडलेल्या कापसाच्या जिनातून त्यानं रॉकेलवर चालणारं इंजन आणलं. ते इतकं जड, की गाडीवरून उतरवलं तेव्हा अंगण चार बोटं खचलं आणि विहिरीचं पाणी हातभर वर आलं. खोटं वाटत असेल तर विहीर अजून आहे, मोजून घ्या. आणि पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी पार तिकडे धाड गावच्या कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं म्हणतात.

दोन पावसाळे नाव फटफटत चालली. मग सातासमुद्रापार लढाई पेटली, रॉकेल दिसेनासं झालं. त्याच वर्षी दादा तापानं गेला. आठ दिवसांत. ह्यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही.

वर्षभर वहिनी नावेच्या बाजूला फिरकली नाही. मग एक दिवस, पावसाळा तोंडावर आला असताना, मला म्हणाली, "भाऊजी, इंजन काढून टाका. हलकी झाली म्हंजे मामाजी बांबूनं चालवतीन. पन तिले करवत लावू नका. त्याहिच्या हातचं तेवढंच राह्यलं." नाव बांधताना दादा फटींत डांबर ओतायचा आणि वहिनी त्यात अंबाडीचा धागा बोटानं दाबून भरायची. महिनाभर भाकरीलाही डांबराचा वास यायचा, आणि दादा तीच भाकरी मागून मागून खायचा.

मी शब्द दिला. पण नुसता शब्द देऊन थांबलो, तर तो मी कसला! अख्ख्या गावाला सांगत सुटलो, की फळी सोडा, खिळासुद्धा हलणार नाही. इंजन सरळ आभाळात उचलतो.

युक्ती अशी. मोटेचं चाक चिंचेच्या जाड फांदीला बांधायचं, मोटेचा जाड दोर, म्हणजे नाडा, त्यावरून घेऊन इंजनाला आवळायचा आणि दुसऱ्या टोकाला आमचे मोटेचे बैल जुंपायचे. अंगण नदीकडे उतरतं. बैल उताराला लागले, की इंजन वर. ते लोंबकळत असताना चौघांनी नाव ओंडक्यांवरून बाजूला ओढायची.

"बेटा, ते बैल पानी काढतात," चाचा म्हणाले. "इंजन नाही."

"चाचा, हे बैल ऐरावतालेही वर काढतीन. तुम्ही फकस्त पाहत राहा."

माझा बा, म्हणजे वहिनीचे मामाजी, ओंडक्यापाशी जाऊन उभा राहिला. वहिनी दारात आली. वर्षात पहिल्यांदा ती नावेकडे बघत होती.

बैल चालले. नाडा ताणला, फांदी कुरकुरली, आणि खरंच सांगतो, इंजन उचललं गेलं! वीतभर, हातभर, मग नावेच्या काठाच्याही वर. लोक ओरडले, "भले बहाद्दर!" माझ्या डोक्यात हवा शिरली. मी बैलांच्या मागं उभा राहून मोटेचं गाणं धरलं. रोज विहिरीवर म्हणायचो तेच, पण आज चार गावांना ऐकू जावं असं.

ओळ संपली.

ओळ संपली म्हणजे मोट वर येऊन रिकामी झाली, आता मागं फिरायचं. बैलांना ते वासरं असल्यापासून शिकवलेलं. ते शहाण्यासारखे थांबले, नाडा सैल करायला पाठीमागं सरकू लागले. मी ओरडलो, शेपट्या पिरगाळल्या, पुढं धावून वेसण ओढली. चौघांनी नाव जेमतेम हातभर हलवली होती.

इंजन खाली आलं आणि नावेचा तळ फोडून गेलं. आवाज फार झाला नाही. सुकलेलं लाकूड होतं, मधोमध फाटलं आणि दोन्ही बाजू हळूच बाहेर कलंडल्या.

पुढं कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो, की नाडा तुटला. कधी म्हणालो फांदी तुटली, कधी वीज पडली, एकदा तर वाघ आला. नाडा तुटला नव्हता. तो अखेरपर्यंत शाबूत होता, इंजनाला घट्ट बांधलेला. गाणं मी म्हटलं होतं. वहिनीनं दारातून ते ऐकलं होतं.

चाचा खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "एक फळी म्हनलो होतो रे," एवढंच पुटपुटले. बा नदीकडे निघून गेला. लोक पांगले.

मी दाराशी गेलो. तिथंही तोंडून निघाली ती थापच. "वहिनी, मी दुसरी बांधून देतो. हिच्याहून मोठी. हुबेहूब दादासारखी."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"उन्हात उभे हायेत बैल," ती म्हणाली. "सोडा, अन् पानी दाखवा त्याहिले."