टपालबाईंची फाइल

रंगाच्या त्या कारखान्यात सगळे तिला टपालबाई म्हणत. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र सव्वीस वर्षं तिच्या हातून गेलं. आधी कागदाचं, मग ईमेलचं. धाकटा भाऊही तिथेच, रंग कालवायच्या खात्यात. त्याला तिनंच चिकटवला होता. त्या खात्यातला वाफ बाहेर फेकणारा पंखा दीड वर्ष बंद होता. भावाचा खोकला आधी सर्दीचा म्हणून अंगावर काढला, मग धुळीचा म्हणून. डॉक्टरांनी त्याला खरं नाव दिलं तेव्हा फुप्फुसं पार कामातून गेली होती. भाऊ गेला आणि कंपनीनं हात वर केले : पंखा बंद असल्याचं आम्हाला कुणी कळवलंच नाही.

"कळवलं नाही? मी स्वतः लिहिलंय, थेट मोठ्या साहेबांना!" भेटेल त्याला टपालबाई हेच सांगायची.

भावजयीनं चौकशीसाठी अर्ज केला. चौकशी अधिकारी म्हणाले, "पत्र दाखवा."

निवृत्तीच्या दिवशी टपालबाईनं आपलं सगळं ईमेल एका सीडीवर उतरवून आणलं होतं. सगळं मिळून एकच फाइल, आणि ती उघडणारा प्रोग्राम केव्हाच बंद पडलेला. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांची तीन दुकानं झाली. शेवटच्यानं तर फाइलचं नाव वाचूनच कपाळाला हात लावला. "बाई, हे काय शोधून काढलंत? माझ्या जन्माआधीचं दिसतंय!"

मग ती स्वतःच पदर खोचून बसली. आठवडाभर इकडचं तिकडचं वाचलं. मूळ फाइलला हात न लावता तिची एक प्रत केली आणि ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर मुंग्या सांडल्यासारखं झालं. पण मध्येच ओळखीच्या ओळी दिसल्या : कुणाकडून, कुणाला, तारीख, विषय. सोबत जोडलेल्या चित्रांचा पार लगदा झाला होता. मजकूर मात्र शाबूत होता. मराठीच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं होती, ती अक्षरांची सेटिंग बदलल्यावर सरळ झाली. तिनं 'पंखा' शब्द शोधायला लावला.

पत्र सापडलं! तिनं तडक भावजयीला फोन लावला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं.

छापायला घेताना तिची नजर पत्राच्या डोक्यावर गेली. गेलेल्या प्रत्येक पत्राच्या वर ते केव्हा रवाना झालं त्याची नोंद होती. या पत्रावर ती नव्हती. तिथे एकच शब्द होता : मसुदा.

खाली दुसऱ्या दिवसाचं, खातेप्रमुखांचं पत्र होतं. 'पंख्याचं पत्र थांबवलंत, आभारी आहे. तुमच्या बढतीचं वर बोललो आहे.'

तिला तो दिवस आठवला. खातेप्रमुख टेबलाशी येऊन उभे राहिले होते. पाहणीला माणसं येताहेत, दोन दिवस थांबा, म्हणाले होते. ती थांबली. पुढच्याच महिन्यात हेडक्लार्क झाली. आणि पत्र पाठवलं असं स्वतःलाच इतक्या वेळा सांगितलं की ते खरं वाटायला लागलं.

दोन्ही पत्रं तिनं भावजयीपुढे ठेवली. भावजयीनं ती सावकाश वाचली.

"वन्सं, हे तुम्ही विसरलात?"

"विसरले गं. शप्पथ."

"बढती नाही विसरलात."

टपालबाईनं तरीही दोन्ही पत्रं चौकशीत दिली. माझं काय व्हायचं ते होवो, कंपनीला माहीत होतं हे तर सिद्ध होईल, एवढाच तिचा हिशेब.

चार महिन्यांनी निकाल आला. पत्र तयार असूनही संबंधित लिपिकेनं ते पाठवलं नाही, सबब व्यवस्थापनाला कल्पना नव्हती. खातेप्रमुखांचं पत्र ग्राह्य धरता येत नाही, कारण मूळ प्रोग्राम उपलब्ध नसल्यानं फाइलची खातरजमा होत नाही.

ती तडक अधिकाऱ्यांच्या खोलीत गेली. "साहेब, एकाच फाइलमधली दोन पत्रं. त्यातलं एक खरं आणि एक खोटं, असं कसं?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही तुमचं कबूल केलंत. त्यांनी नाही केलं."

भावजय दाराशी उभी होती. ती जिना उतरून गेली.