अक्काचा नेम

पोरी, अशी जवळ सरक. कागदावरून कान धरता येत नाही, नाहीतर तुझा धरलाच असता. "मोठ्या आत्याले घराबाहेर काहून ठेवलं?" असं फोनवर विचारते! लोकायनं विचारलं तर मी ऐकून घेते, पण तू तर घरची ना?

ऐक आता. अक्का, म्हणजे तुझी मोठी आत्या, विधवा झाल्यापासून माझ्याजवळच राह्यली, वाशीमात, आमच्या किराणा दुकानामागच्या घरात. मग तिले विसरण्याचा आजार झाला, अन् त्याच्यासंगं राग आला. या आजारात असं होते म्हणे. मुसळ घेऊन अंगावर धावायची. एकदा तिनं ढकललं तर माझं मनगट मोडलं. घरात आमी नवरा-बायको दोघं म्हातारे, कोण आवरणार? म्हाताऱ्यायले सांभाळतात अशा दोन ठिकाणी ठेवून पाह्यलं. पह्यल्यायनं "मारते, घेऊन जा" म्हटलं. दुसरे म्हणे, हात बांधून ठेवावे लागतील. जिनं मले कडेवर खेळवलं तिचे हात बांधू देऊ? आणलं परत.

तिले संगं घेऊन शिरपूरच्या देवळात गेली. देव ऐकते का नाही याचीच मले तेव्हा शंका होती. पारसनाथासमोर उभी राह्यली तर मागणंही सुचेना. एवढंच म्हटलं, "आता तूच पाह्य. माझ्यानं होत नाही."

परतीच्या एसटीत शेजारी एक मुसलमान बाई बसली होती, मंगरूळपीरच्या दर्ग्यावर चालली होती. रमजानचे दिवस. दिवस मावळला तसा तिनं खजूर तोंडात टाकून रोजा सोडला, अन् मायेनं एक अक्काच्या हातावर ठेवला. अक्कानं असा फटका मारला का खजूर सीटखाली! सारी गाडी पाहून राह्यली. मी हात जोडले, "माफ करा बाई, तिचं डोकं ठिकाणावर नाही."

ती बाई हसली, खिडकीबाहेर पाह्यलं. म्हणे, "डोकं तो बराबर ठिकाने पे है. मेरा मुंह अब्बी खुला, इनका अब्बी बंद हुआ. तुम जैन लोगां ना?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पोरी. अक्कानं लहानपणापासून दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आजारी माणसाले चालते म्हणून आमीच रात्री गोळीसंगं दूध पाजत होतो, अन् त्या दोन्ही ठिकाणी जेवण अंधार पडल्यावर. जास्त मारामारी तेव्हाच व्हायची!

त्याच बाईनं सांगितलं, तिचा भाऊ वाशीमजवळच अशा आजारी म्हाताऱ्यायच्या एका घरात आहे, ते रिटायर झालेली नर्स चालवते. "वो सिस्टर पहले पूछती, आदमी अच्छा था तब कैसा था." गाडी थांबली, ती गर्दीत उतरून गेली. नावही विचारायचं राह्यलं.

दुसऱ्याच दिवशी गेलो. सिस्टरनं खरंच तेच विचारलं. मी सारं सांगितलं, अन् अक्काले तिथंच ठेवलं. तिनं डॉक्टरले विचारून गोळ्या दिवसा केल्या, जेवण दिवस मावळायच्या आधीच. अक्का अजूनही कधी हात उचलते. आजार काही गेला नाही. पण तिले कोणी बांधत नाही, कोणी परत धाडत नाही. संध्याकाळी पदरानं तोंड पुसते अन् हात जोडून शांत बसते. तिचं पाहून आणखी दोघी उजेडातच जेवू लागल्या.

माझं नाव तिच्या डोक्यातून गेलं, नवऱ्याचं गेलं, नेम नाही गेला. माझी बहीण आहे ती! सांगताना माझी छाती फुलते, अन् तुमी लोक लाजता?

त्या बाईले देवानंच धाडलं का, यावर मी कोणासंगं भांडत नाही. मी ओझं त्याच्या पायाशी ठेवलं अन् ते उचललं गेलं, मले एवढंच माहीत. रोज त्या बाईसाठीही हात जोडते.

आता बहाणे नको. लवकर ये, दोघी मिळून जाऊ. ती तुले ओळखणार नाही, एखादी चापटही देईल. खाऊन घेजो अन् तिच्या पाया पडजो.